कोवळी फरसबी: वाण निवडण्यापासून शिजवण्यापर्यंत

फरसबीची ताजी शेंग दोन्ही हातांच्या बोटांत धरून हलकेच वाकवावी. ती कट्कन मोडली, मोडल्या जागी ओलसर चकाकी दिसली आणि आतला दाणा तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नसला, तर शेंग वेळेवर तोडलेली आहे असे समजावे. ती नुसतीच वाकली किंवा मोडताना कडेने दोरा सुटून लोंबू लागला, तर तिची वेळ टळलेली आहे. झाडावर ही वेळ जेमतेम दोन-तीन दिवसांची असते, आणि घरच्या बागेत फरसबी लावण्याचे खरे कारण माझ्या मते हेच आहे, कारण ते दोन-तीन दिवस नेमके पकडणे ज्याला रोज झाडापाशी जाता येते त्यालाच जमते. मात्र त्यासाठी वाण निवडतानाच स्वयंपाकाचा विचार करावा लागतो. बारीक नाजूक शेंगेचे वाण लावून ते अर्धा तास शिजवत ठेवले किंवा जाड, चपट्या शेंगेचे वाण लावून ते दोन मिनिटांत उतरवले, तर बागेतली सगळी मेहनत पातेल्यात वाया जाते.

आपण जिला फरसबी किंवा श्रावण घेवडा म्हणतो, तिचे शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस असे आहे. हीच शेंग झाडावर पूर्ण वाळू दिली तर तिचे दाणे राजम्यासारखे होतात, कारण राजमा ही याच जातीची वाळलेल्या दाण्यांसाठी घेतली जाणारी वाणे आहेत. चवळीच्या लांब शेंगा दिसायला जवळच्या वाटल्या, तरी त्या वेगळ्या जातीच्या असून फरसबीपेक्षा कितीतरी अधिक उष्णता सोसतात. कडक उन्हाच्या दिवसांत फरसबीची फुले गळत असतील, तर खतपाण्याशी झगडण्यापेक्षा त्या काळापुरती चवळी लावणे शहाणपणाचे ठरते.

वाण कसे निवडावे

पहिला प्रश्न झुडूप की वेल हा आहे. झुडपी फरसबी गुडघ्याएवढी, म्हणजे साधारण ४० ते ६० सेंटिमीटर वाढते, तिला आधार लागत नाही, पेरणीनंतर ५० ते ६० दिवसांत ती तोडणीला येते आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक शेंगा एकदमच देऊन थकते. वेलवर्गीय फरसबी २ ते २.५ मीटर उंच चढते, तिला आठवडा-दहा दिवस अधिक लागतात, पण नंतर निगा राखली तर दीड-दोन महिने ती थोड्या थोड्या शेंगा देत राहते. एकदम पुष्कळ शेंगा काढून गोठवून ठेवायच्या असतील तर झुडूप चांगले. रोजच्या स्वयंपाकाला एक-एक ओंजळ हवी असेल तर वेल चांगली. जागा थोडी असणाऱ्याने वेलच लावावी, असे मला वाटते, कारण ती जमीन थोडी आणि आकाश जास्त वापरते. झुडपी वाण लावायचेच असेल, तर सगळे बी एकदम न टाकता दर दोन-तीन आठवड्यांनी एक ओळ पेरावी, म्हणजे एक ओळ संपता संपता दुसरी फुलावर येते.

दुसरा प्रश्न शेंगेचा. गोल, गरदार शेंगांमध्ये ब्लू लेक हे वाण फार वर्षांपासून विश्वासाचे मानले जाते. त्याची शेंग सरळ आणि बिनशिरांची असते. कंटेंडर आणि प्रोव्हायडर ही लवकर येणारी झुडपी वाणे असून नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी मी तीच सुचवते. केंटकी वंडर ही जुनी, जोमदार वेल आहे. तिच्या शेंगेला चव भरघोस असते, पण ती थोडी जून झाली की शिरा धरते, म्हणून ती कोवळीच तोडावी लागते. रोमानो प्रकारच्या शेंगा रुंद आणि चपट्या असतात आणि त्या मंद आचेवर शिजण्यासाठीच जन्मलेल्या आहेत. पेन्सिलीहून बारीक असताना तोडायची नाजूक वाणे वेगळी असतात. साध्या वाणाच्या शेंगा लहान असताना तोडून ती चव मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. पिवळ्या शेंगांच्या वाणांची चव सौम्य असते. जांभळ्या शेंगांचा मोठा फायदा असा, की हिरव्या पानांत त्या चटकन दिसतात आणि तोडताना एकही मागे राहत नाही.

शिरांबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. शेंगेच्या शिवणीतून निघणारा चिवट दोरा हा एके काळी फरसबीचा स्वभावच होता. कॅल्व्हिन कीनी या अमेरिकी बियाणे-उत्पादकाने निवड करत करत बिनशिरांचे वाण तयार केले आणि १८९४ मध्ये ते विक्रीस आले. आजची बहुतेक वाणे बिनशिरांची असण्यामागे त्या कामाचा मोठा वाटा आहे.

जमीन आणि पेरणी

फरसबीला दिवसाचे किमान सहा तास ऊन, पाणी न साचणारी भुसभुशीत माती आणि ६ ते ७ च्या दरम्यानचा सामू (पीएच) लागतो. वीतभर खोल माती मोकळी करून तीत चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळले की पूर्वतयारी झाली. कुंडीत लावायची असल्यास झुडपासाठी २० ते २५ सेंटिमीटर आणि वेलीसाठी किमान ३० सेंटिमीटर खोलीची कुंडी घ्यावी आणि ३० सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत तीन किंवा चारच झुडपे ठेवावीत.

पेरणीची वेळ दिनदर्शिकेवरून न ठरवता मातीच्या तापमानावरून ठरवावी. माती किमान १५ ते १६ अंश सेल्सिअस असावी, २५ अंशांच्या आसपास असेल तर उत्तम. थंड, ओल्या मातीत बी पाणी शोषते, पण उगवण्याचे बळ धरू शकत नाही आणि कुजते. पांढऱ्या बियांच्या वाणांचे साल पातळ असल्याने ती या बाबतीत विशेष हळवी असतात, तर गडद रंगाच्या बियांची वाणे थोडा अधिक गारवा सोसतात. बी रात्रभर भिजत घालण्याची सवय अनेकांना असते, पण फरसबीच्या बाबतीत ती टाळावी. पाणी झपाट्याने आत शिरले की दले, म्हणजे बियाच्या आतल्या दोन फाका, तडकतात आणि अशा बियांतून लुळी, बिनशेंड्याची रोपे वर येतात. त्यापेक्षा पेरणीच्या आदल्या दिवशी वाफा भिजवून ठेवावा, बी अडीच ते चार सेंटिमीटर खोल टाकावे, माती हाताने हलकी दाबावी आणि कोंब दिसेपर्यंत ओल टिकेल एवढेच पाणी शिंपडावे. झुडपी वाणाचे बी ८ ते १० सेंटिमीटरवर टाकून दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. वेलीसाठी प्रत्येक काठीभोवती पाच-सहा बिया टाकून उगवल्यावर त्यांतली सशक्त तीन-चार रोपे ठेवावीत. नको असलेले रोप उपटू नये, कात्रीने जमिनीलगत कापावे, म्हणजे शेजारच्या रोपाची मुळे हलत नाहीत.

फरसबीची रोपे एका जागेवरून दुसऱ्या जागी लावणे शक्यतो टाळावे, कारण तिच्या मुळांना हलवलेले सोसत नाही. उबदार मातीत सहा ते दहा दिवसांत बी वर येते. वाकलेल्या मानेने माती फोडून दले उघडतात ते दिवस पक्ष्यांपासून आणि गोगलगायींपासून जपण्याचे असतात. त्या आठवड्यात वाफ्यावर जाळी टाकलेली बरी.

वेलीचा आधार बी पेरण्याआधीच रोवून ठेवावा, कारण नंतर काठ्या ठोकताना मुळे तुटतात. फरसबीला काकडीसारखे ताणे नसतात. तिचे खोडच आधाराभोवती फिरते, म्हणून रुंद फळीपेक्षा बोटाएवढी जाड, किंचित खडबडीत काठी किंवा जाड सुतळी तिला सोपी जाते. वरून पाहिले असता हे खोड घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वर चढते. भरकटलेला शेंडा हाताने गुंडाळायचा असेल तर याच दिशेने गुंडाळावा. उलट गुंडाळलेला शेंडा पुन्हा सुटून आपल्या दिशेने वळतो.

खत, पाणी आणि फुलोरा

फरसबीच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यांतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतात. फुलोऱ्याच्या सुमारास एखादे रोप मुळासकट काळजीपूर्वक उकरून पाहावे. ज्वारीच्या दाण्यासारखी एखादी गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला, तर जिवाणू काम करत आहेत. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट असेल किंवा गाठीच नसतील, तर पुढच्या वेळी कडधान्यांसाठीचे जिवाणू-संवर्धक बियाला चोळून पेरावे. तरीही कडधान्य कुळातल्या इतर पिकांच्या मानाने फरसबी या कामात थोडी मागे असते, म्हणून पेरणीपूर्वीचे कंपोस्ट वगळून चालत नाही. मात्र त्यानंतर नायट्रोजनचे खत देण्याचा मोह आवरावा. एके वर्षी मी प्रेमापोटी वाफ्यात कोंबडीखत भरपूर घातले. झाडे माझ्या कमरेपर्यंत वाढली, पाने हाताच्या पंजाहून मोठी झाली आणि दोन ओळींतून मला जेमतेम दोन मुठी शेंगा मिळाल्या. त्यानंतर पेरणीच्या वेळचे कंपोस्ट आणि फुलोऱ्याच्या आधी आणखी एक पातळ थर, यापलीकडे मी काही दिलेले नाही आणि शेंगा भरपूर येतात.

पाणी आठवड्याला साधारण अडीच सेंटिमीटर पावसाएवढे लागते. फुले येऊ लागल्यापासून शेंगा भरेपर्यंत ते चुकू देऊ नये, कारण या काळात एकदाही माती कोरडी पडली की फुले गळतात आणि राहिलेल्या शेंगा वाकड्या, मध्येच चिमटलेल्या येतात. पाणी सकाळी आणि मुळांशी द्यावे, पानांवर ओतू नये. मुळे उथळ असल्याने खुरपणीही वरवरची करावी, आणि माती तापल्यावर वाळलेल्या पानांचे किंवा गवताचे आच्छादन घालावे, म्हणजे ओल टिकते आणि शेंगांना चिखल लागत नाही.

फुलोरा भरपूर आणि शेंगा मात्र नाहीत, ही तक्रार नेहमी ऐकू येते. फरसबीचे फूल उमलण्याआधीच बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे मधमाश्यांची वाट पाहण्याची गरज नसते. बहुतेक वेळा कारण उष्णतेचे असते. दिवसाचे तापमान ३२ अंशांच्या वर गेले आणि रात्रीही उतरले नाही, तर पराग निकामी होतात आणि फूल देठापासून गळून पडते. अशा वेळी दुपारची सावली आणि नियमित पाणी देऊन झाड जगवावे. हवा निवली की तेच झाड पुन्हा शेंगा धरते.

रोग आणि किडी

या बाबतीत एकच नियम मी सर्वांत वर ठेवते. पाने ओली असताना फरसबीच्या वाफ्यात हात घालू नये. करप्याचे आणि पानांवरील जिवाणूजन्य डागांचे जंतू पाण्याच्या थेंबांतून आणि आपल्या हातांवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. पहाटेच्या दवात शेंगा तोडण्याची हौस मी केलेली आहे आणि आठवड्याभरात शेंगांवर काळपट, खोलगट डाग उमटलेले पाहिले आहेत. आता दव सुकल्याशिवाय मी टोपली हातात घेत नाही. तांबेरा ओळखणे सोपे आहे, कारण पानामागच्या पुळीवर बोट फिरवले तर गंजासारखी पूड बोटाला लागते. अशी पाने लगेच काढून बागेबाहेर टाकावीत. पाने आक्रसून हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची झाली तर तो मोझॅक विषाणू असतो, त्यावर उपाय नाही. झाड उपटावे आणि त्याचे बी कधीही राखू नये, कारण हा रोग बियातूनही पसरतो.

किडींपैकी मावा कोवळ्या शेंड्यांवर जमतो. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतला जातो आणि हट्टी असेल तर साबणाचे सौम्य पाणी पुरते, मात्र हे दोन्ही सकाळी करावे म्हणजे पाने लवकर सुकतात. कोरड्या, उष्ण दिवसांत पानांखाली बारीक जाळी आणि वरून पांढुरके टिपके दिसले तर ते लाल कोळी असतात. त्यांना कोरडेपणा मानवतो, म्हणून पाण्यात खंड पडू न देणे हाच अर्धा उपाय आहे. त्याच वाफ्यात तीन वर्षे पुन्हा फरसबी किंवा तिच्या कुळातले पीक घेऊ नये, एवढे पथ्य पाळले तरी मातीतले पुष्कळ रोग टळतात.

तोडणी आणि साठवण

फूल गळल्यानंतर साधारण दहा ते पंधरा दिवसांत शेंग तोडणीला येते. गोल वाणांची शेंग पेन्सिलीएवढी जाड झाली, की बाहेरून दाण्यांचे उंचवटे दिसण्याआधी ती तोडावी. नाजूक वाणांची शेंग सहा मिलिमीटर जाडीच्या आतच तोडावी. रोमानो रुंद झाली तरी चालते, पण ती फुगीर होऊ देऊ नये. एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने शेंग देठापाशी खुडावी, कारण ओढून तोडल्यास फुलांसकट डहाळी हातात येते. दर दोन दिवसांनी तोडणी करावी आणि पानांआड लपलेली एकही जून शेंग झाडावर ठेवू नये. दाणे पक्व होऊ लागले की झाड आपले काम झाले असे धरते आणि नवी फुले थांबवते. जून शेंग खाण्याजोगी नसली तरी ती तोडलीच पाहिजे.

तोडलेल्या शेंगा न धुता, कोरड्या कापडात किंवा छिद्रांच्या पिशवीत घालून फ्रिजमधल्या भाज्यांच्या कप्प्यात ठेवाव्यात. फ्रिजच्या मागच्या, सर्वांत थंड भागात त्या ठेवू नयेत, कारण ५ अंशांखाली फरसबीला थंडी बाधते आणि बाहेर काढल्यावर तिच्यावर गंजकट डाग आणि खळगे पडतात. आठवडाभर ती टिकते, पण गोडवा पहिल्या दोन दिवसांतच असतो.

शिजवणे

आधी सुरक्षिततेची गोष्ट. फरसबीत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते, जे कच्चे पोटात गेल्यास मळमळ, उलट्या आणि पोटदुखी होऊ शकते. हिरव्या शेंगेत ते वाळलेल्या दाण्यांपेक्षा खूप कमी असले, तरी शेंगा शिजवूनच खाव्यात. वाळलेले दाणे तर पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळल्याशिवाय मंद आचेवर ठेवू नयेत.

निवडताना फक्त देठाकडचे टोक काढावे. शेपटीचे कोवळे टोक काढण्याची गरज नसते. शिरांचे वाण असेल तर शेपटी मोडून तिच्यासकट दोरा देठाकडे ओढावा आणि मग दुसऱ्या बाजूने तसेच करावे.

गोल आणि नाजूक शेंगांसाठी मोठे पातेले, भरपूर पाणी आणि लिटरला दोन चहाचे चमचे मीठ घ्यावे. पाणी खळखळत असताना शेंगा टाकाव्यात आणि झाकण ठेवू नये. शेंगेतून सुटणारी आम्ले वाफेबरोबर निघून जावी लागतात. ती आत कोंडली तर हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग शेवाळी होतो. लिंबू किंवा व्हिनेगर ताटात वाढताना घालावे, तेही याच कारणासाठी. खाण्याच्या सोड्याने रंग हिरवागार राहतो हे खरे, पण शेंगेच्या पेशी सुटून तिचा लगदा होतो, म्हणून तो मला कधीच पटलेला नाही. नाजूक शेंगा तीन-चार मिनिटांत, गोल शेंगा पाच-सहा मिनिटांत तयार होतात. घड्याळापेक्षा दातांवर विश्वास ठेवावा: चावताना शेंग दाताखाली करकरली तर ती अजून कच्ची आहे, आणि ती करकर थांबून किंचित प्रतिकार उरला की त्या क्षणी आच बंद करावी. लगेच खायच्या असतील तर निथळून तेल, ठेचलेला लसूण आणि मिरपूड यांवर मिनिटभर परताव्यात. थंड वाढायच्या असतील तर बर्फाच्या पाण्यात टाकून, पूर्ण कोरड्या करून मगच त्यांना तेल-व्हिनेगर लावावे, कारण ओल्या शेंगेला काहीही चिकटत नाही.

थोड्या जून झालेल्या शेंगा ओव्हनमध्ये चांगल्या होतात. त्यांना तेल-मीठ चोळून एकाच थरात पसरावे आणि २२० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे, कडा तपकिरी होऊन सुरकुत्या पडेपर्यंत भाजावे. पसरताना गर्दी झाली तर त्या भाजल्या न जाता वाफवल्या जातात.

रोमानोची गोष्ट अगदी वेगळी आहे. तिला कांदा आणि तेलात परतून, थोडे पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर वीस ते तीस मिनिटे शिजू द्यावे. रंग जाईल, तो जाऊ द्यावा, त्याच्या बदल्यात शेंग लोण्यासारखी मऊ आणि गोडसर होते. टोमॅटो घालायचा असल्यास शेंगा मऊ झाल्यावरच घालावा, कारण आम्लामुळे पेशींना बांधणारे पेक्टिन विरघळत नाही आणि तासभर शिजवूनही शेंग चिवट राहते. जांभळ्या शेंगा उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत हिरव्या होतात, कारण तो जांभळा रंग उष्णतेत टिकत नाही. पाहुण्यांना तो रंग दाखवायचा असेल तर टोपलीतच दाखवावा.

जास्तीच्या शेंगा गोठवण्यासाठी त्यांना तीन मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात थंड करावे, पुसून एका थरात गोठवावे आणि मग पिशवीत भरावे. उकळण्याची पायरी गाळली तर शेंगेतली विकरे (एन्झाइम) गोठलेल्या अवस्थेतही हळूहळू काम करत राहतात आणि काही आठवड्यांत चव गवतासारखी होते. नीट गोठवलेल्या शेंगा आठ ते बारा महिने टिकतात आणि त्या न वितळवता थेट पातेल्यात टाकाव्यात. बरणीत नुसत्या पाण्यात भरून, साध्या उकळत्या पाण्यात निर्जंतुक करून मात्र फरसबी कधीही साठवू नये. आम्लता कमी असल्याने तीत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांचे बीजाणू १०० अंशांवर मरत नाहीत.

पुढच्या पेरणीचे बी

हंगामाच्या उत्तरार्धात सर्वांत निरोगी दोन-तीन झाडे बाजूला ठेवून त्यांच्या शेंगा तोडणे थांबवावे. शेंग पिवळी पडून कागदासारखी कोरडी झाली आणि हलवल्यावर आत दाणे खुळखुळले, की ती काढावी. फुले स्वतःच फळत असल्याने वाण बहुधा शुद्ध राहते, तरी दोन वाणांत काही मीटर अंतर ठेवलेले चांगले. दाणे सावलीत आणखी दोन आठवडे वाळवावेत. नख रोवले असता खूण उमटेनाशी झाली की ते पुरेसे वाळले. मग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ते आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावेत, म्हणजे आत दडलेल्या भुंग्यांच्या अळ्या मरतात. पुरते न वाळलेले बी गोठवले तर ते स्वतःच मरते, म्हणून नखाची परीक्षा चुकवू नये. बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर दाण्यांवर दव धरते. बाटलीवर वाणाचे नाव आणि वर्ष लिहून ती थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावी. हे बी तीन-चार वर्षे चांगले उगवते.